नवदांपत्याच्या दारातला मध्यरात्रीचा गोंगाट : फ्रान्सची शारिवारी, अमेरिकेची शिव्हरी

नदीकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या शेतकरी वस्त्यांत आणि कॅनडाच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात, काही ठिकाणी तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला पहिली रात्र शांतपणे काढायला मिळणे कठीण होते. घरातले दिवे मालवले की शेजारपाजारची मंडळी पावले न वाजवता घराभोवती जमत आणि कोणी खूण करताच एकदम कल्लोळ उसळे. पत्र्याचे डबे, कढया, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, लाकूड कापायच्या गोल करवतीच्या टांगलेल्या पात्यावर पडणारे हातोडे, शिंगे आणि हवेत उडवलेले बंदुकीचे बार, असे सगळे एकाच वेळी सुरू होई. जोडप्याने बाहेर येऊन सगळ्यांना घरात घ्यायचे आणि सफरचंदाचे पेय, मिठाई, पुरुषांना चिरूट असे काही हातावर ठेवायचे, तेव्हा कुठे हा गोंगाट थांबे. दार उघडायला फारच वेळ लागला, तर नवऱ्याला उचलून तळ्यात किंवा घोड्यांच्या पाण्याच्या हौदात बुचकळत, कुंपणाच्या वाशावर बसवून फिरवत, आणि नवरीला एकचाकी ढकलगाडीत घालून रस्त्याने नेत. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आणि तिच्या पश्चिमेला या प्रथेला शिव्हरी म्हणतात.

प्रथेचे मूळ फ्रान्समध्ये आहे आणि तिथे तिचे नाव शारिवारी. चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पॅरिसमध्ये तयार झालेल्या ‘रोमां द फोव्हेल’ या उपहासकाव्याच्या हस्तलिखितात तिचे वर्णनही आहे आणि चित्रेही आहेत. फोव्हेल हे त्या काव्यातले घोड्याच्या रूपातले ढोंगी पात्र असून त्याच्या लग्नाच्या रात्री मुखवटे चढवलेले लोक ढोल आणि स्वयंपाकघरातली भांडी बडवत रस्त्यावर उतरतात. त्या चित्रांतली भांडी आणि पाचशे-सहाशे वर्षांनी कॅन्ससच्या शेतावर वाजलेली भांडी यांत फारसा फरक नाही. ती कोणासाठी वाजवायची, यात मात्र मोठा फरक पडला.

फ्रान्समध्ये पहिल्या लग्नाच्या वाट्याला शारिवारी सहसा येत नसे. ती येई विधुराच्या किंवा विधवेच्या दुसऱ्या लग्नाला, आणि त्यातही वयात मोठे अंतर असेल तर हटकून. उतारवयाच्या विधुराने तरुण मुलगी केली म्हणजे गावातल्या एका तरुणाची नवरी गेली, हा पोरांचा राग त्यात असे. पहिल्या संसारातल्या मुलांचे पुढे काय होणार आणि गेलेल्या माणसाची आठवण कोण ठेवणार, हे प्रश्नही असत. २८ जानेवारी १३९३ रोजी पॅरिसच्या सें-पोल राजवाड्यात राणी इझाबोच्या एका सखीच्या पुनर्विवाहाची मेजवानी होती, तेव्हा सहावा शार्ल हा राजा स्वतः पाच सरदारांसह रानमाणसाचे सोंग घेऊन आरडाओरडा करत नाचला. राळेत भिजवलेल्या कापडावर ताग चिकटवलेले ते पोशाख होते. राजाचा भाऊ मशाल घेऊन जवळ आला आणि त्यांनी पेट घेतला. चार सरदार भाजून दगावले, एकाने पिपात उडी घेतली आणि राजाला बेरीच्या तरुण डचेसने आपल्या पायघोळ झग्याखाली ओढले म्हणून तो वाचला. दरबारातल्या या सोंगाकडेही अभ्यासक शारिवारी म्हणूनच पाहतात.

अमेरिकेच्या माळरानावर मात्र ही प्रथा सरसकट सगळ्याच लग्नांना लागू झाली, इतकी की कोणी वाजवायला आलेच नाही तर आपण वस्तीला नकोसे आहोत की काय, असे जोडप्याला वाटे. निंदेसाठी जन्मलेला गोंगाट स्वागताचा झाला, आणि तरीही त्याची शेवटची पायरी बदलली नाही. मला या प्रथेत तीच पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. दार उघडायचे, काहीतरी द्यायचे आणि मग प्रकरण मिटायचे. या शिक्षेला सुटका होती आणि सुटकेची किंमत आधीपासून सगळ्यांना ठाऊक होती. ज्याने रात्री डबे वाजवले, तोच शेजारी पुढच्या हंगामात कापणीला येत असे. आपल्याकडे लग्नाबद्दलची नाराजी किंवा थट्टा गावाने कशी व्यक्त केली आणि तिला अशी सुटका होती का, यावर सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

पडवी

देण्याच्या रकमेबद्दल थोडी भर घालतो. फ्रान्समध्ये हा गोंगाट वाटेल त्याने उठून करायचा नसे. गावोगावी अविवाहित तरुणांची मंडळे असत, त्यांना थट्टेने ‘मठ’ आणि म्होरक्याला ‘मठाधिपती’ म्हणत. विधुराने पुन्हा लग्न केले किंवा परगावच्या मुलाने गावातली मुलगी केली, की या मंडळाचा पैसे मागण्याचा हक्क उभा राहत असे. जो देणार नाही त्याच्या खिडकीखाली मंडळ दुसऱ्या रात्री आणि तिसऱ्याही रात्री हजर होई. न्यू ऑर्लीन्समध्ये १८०४ साली आल्मोनेस्तेर या धनाढ्य गृहस्थाच्या विधवेने दुसरे लग्न केले, तेव्हा शारिवारी तीन दिवस चालली. लोकांनी शवपेटीत तिच्या पहिल्या नवऱ्याचा पुतळा ठेवून तो दारापर्यंत आणला, आणि गोरगरिबांसाठी तीन हजार डॉलर दिल्यावरच तिची सुटका झाली, अशी त्या काळातली नोंद आहे. ही रक्कम वाजवणाऱ्यांच्या खिशात न जाता दानधर्माला गेली, हे मला लक्षणीय वाटते.

आपल्या लग्नांतही अडवून मागण्याच्या जागा आहेत. मेव्हण्या नवरदेवाचे जोडे लपवतात, कानपिळीला नवरीचा भाऊ कान पिळून आपला मान घेतो, आणि वरात घरी आली की नणंद दार अडवून ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का’ हे वदवून घेतल्याशिवाय वहिनीला आत येऊ देत नाही. पण हे सगळे मागणारे नात्यातले, मांडवातले असतात. शारिवारीत मागणारे गाव असते आणि त्याला आमंत्रण नसते, म्हणून या दोहोंना एका माळेत ओवताना सावध राहावे.

सांजवात

नदीकाठ, आपला लेख माहितीपूर्ण आहे, परंतु ‘सुटका होती’ या विधानाशी मी सहमत नाही. सुझाना मूडी ही इंग्रज लेखिका १८३२ मध्ये कॅनडात स्थायिक झाली. १८५२ च्या ‘रफिंग इट इन द बुश’ या पुस्तकात शारिवारीवर तिचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात शेजारीण तिला अनेक किस्से सांगते आणि त्यांपैकी एक वाचल्यावर या प्रथेकडे मौज म्हणून पाहणे मला तरी जमत नाही. अमेरिकेतून पळून आलेला एक कृष्णवर्णीय माणूस गावात न्हाव्याचे काम करत असे. माणूस भला, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहणारा. त्याने एका आयरिश मुलीशी लग्न केले. गावच्या तरुणांनी त्या रात्री शारिवारी काढली, त्याला अंथरुणातून ओढून जवळजवळ उघड्या अंगाने कडाक्याच्या थंडीत बाहेर नेले आणि वाशावर बसवून फिरवले. त्यातच तो मेला. म्होरके सरोवरापलीकडे पळून गेले, आणि प्रकरण दडपले गेले.

त्याने दार उघडून मिठाई वाटली असती तर तो वाचला असता, असे आपण म्हणू शकाल का? त्याच्या लग्नाची किंमत मिठाईने फिटण्यासारखी नाही, हे जमावाने आधीच ठरवले होते. ही सुटका ज्यांना गाव मुळात आपले मानते त्यांच्यापुरती होती, एवढेच या प्रथेच्या बाजूने म्हणता येईल. आणि अंधारात मुखवटा चढवलेल्या जमावाला आपण कुठे थांबायचे हे ठाऊक असते, यावर विश्वास ठेवायला इतिहासात आधार सापडत नाही.

नदीकाठ

सांजवात, मूडीबाईंचा तो प्रसंग मी मुद्दाम मूळ लेखात घेतला नव्हता, कारण त्यावर वेगळे आणि सविस्तर बोलणे व्हावे असे मला वाटत होते. ‘गाव ज्यांना आपले मानते त्यांच्यापुरती’ ही आपली मर्यादा योग्य आहे आणि पुढची चर्चा तीच धरून व्हावी. जमावाला आवर घालण्याचे प्रयत्न जुने आहेत, हेही इथे नोंदवतो. क्यूबेकमध्ये १६८३ साली नवरा वारल्यावर थोड्याच आठवड्यांत एका तरुण विधवेने लग्न केले म्हणून रात्रीमागून रात्री शारिवारी चालली, तेव्हा बिशप लाव्हाल यांनी भाग घेणाऱ्यांना धर्मबहिष्कृत करण्याची धमकी देऊन ती बंद करण्याचा हुकूम काढला. स्पेनमध्ये याच प्रकारात गुरांच्या घंटा वाजवत, आणि तिसऱ्या कार्लोस राजाच्या काळात १७६५ मध्ये माद्रिदमध्ये त्यावर बंदी आली. चर्चचा आक्षेप समजण्यासारखा होता, कारण विधवेचा विवाह धर्माला मान्य होता आणि गाव मात्र त्यावर स्वतःचा दंड बसवत होते.

माजघर

मूळ प्रश्न महाराष्ट्राचा आहे, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते. युरोपात विधवेच्या लग्नाला गोंगाट होता. आपल्याकडे नेमके उलटे, शांतता होती.

ब्राह्मण आणि काही मोजक्या जाती सोडल्या, तर महाराष्ट्रात विधवेचे दुसरे लग्न बहुतेक जातींत रूढ होते. त्याला पाट किंवा मोहतूर म्हणत. जुन्या गॅझेटियरांमध्ये त्याची वर्णने जागोजागी आहेत आणि ती एकमेकांशी फार जुळतात. लग्न रात्रीचे, बहुधा वद्य पक्षातले. वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णींनी जवळ थांबायचे नाही. काही मोजके लोक आणि विधी करणारा, एवढ्यांसमोर नवी साडी, नव्या बांगड्या, कुंकू आणि पदराची गाठ. त्यानंतर उजाडेपर्यंत त्या जोडप्याचे तोंड कोणी पाहू नये, पाहिले तर अशुभ, असा समज. लग्न मान्य होते, मुले औरस होती, तरीही त्या बाईच्या आयुष्यातल्या या दिवसाला कोणी सनई वाजवायची नाही, हे ठरलेले होते.

ज्या जातींत पाटही नव्हता तिथे विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला आणि विवाह त्यानंतर फार सावकाश, एकेक करून झाले. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरुड गावाने त्यावर ना डबे बडवले ना दंड मागितला. गावाने बसून बहिष्काराचा ठराव केला आणि कर्वे घरी येऊन राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकू, असे बजावले. याला आपल्याकडे ग्रामण्य म्हणत. दार कोणी ठोठावत नाही, पाणी कोणी देत नाही, पंगतीला कोणी बोलावत नाही, आणि मिटवायचे म्हटले तर प्रायश्चित्त घेऊन ‘हे लग्न चुकले’ असे कबूल करावे लागते. नदीकाठ म्हणतात ती सुटका इथे नाही. चिरूट आणि मिठाई देऊन लग्न टिकवता येत होते, प्रायश्चित्ताने ते टिकत नव्हते.

दुसरी गोष्ट मला त्याहून बोचते. फ्रान्समधली पोरे ज्या जोडप्यावर सर्वांत जास्त तुटून पडत ते म्हणजे म्हातारा विधुर आणि कोवळी मुलगी. आपल्याकडे त्या लग्नाला सनई-चौघडा होता, अक्षता होत्या, जेवणावळी होत्या. साठीच्या नवरदेवाच्या दारात थाळ्या बडवणारे ‘मठ’ आपल्या गावांत नव्हते. जरठ-कुमारी विवाहाची चारचौघांत छी-थू झाली ती १८९९ साली देवलांचे ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आल्यावर, आणि तीसुद्धा तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांत. गावाचा आवाज कुठे उठला आणि कुठे गप्प बसला, याचा विचार केला की त्या समाजाला कशाची चीड होती आणि कशाची नव्हती हे लख्ख दिसते.

पडवी

माजघर, विधुर आणि विधवा यांच्यातला हा भेद मी या प्रथेच्या संदर्भात प्रथमच वाचतो आहे. वाळीत टाकण्याबद्दल एवढेच जोडतो की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये करावा लागला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला. त्याखालच्या तक्रारींत जातीबाहेरच्या लग्नांमुळे झालेले बहिष्कार आजही येतात.

काळीमाती

क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९६४ च्या एका ग्रंथात शारिवारीची तुलना ग्रहणाच्या वेळी केल्या जाणाऱ्या गोंगाटाशी केली आहे. फ्रान्समधल्या एका पाहणीचा तो हवाला देतो, ज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक शारिवारींचे कारण पुनर्विवाह होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की दोन्हीकडे एखाद्या सुरळीत साखळीत खंड पडलेला असतो, एकीकडे सूर्य-चंद्राच्या आणि दुसरीकडे विवाहांच्या, आणि तो खंड लोक आवाजाने दाखवून देतात. आपल्या गावांत ग्रहण लागले की ‘दे दान सुटे गिराण’ अशी आरोळी घुमत असे. तिथेही आवाज आहे, मागणी आहे, आणि दान दिले की संकट सुटते. लेव्ही-स्त्रोसचे साखळीचे तत्त्व मला थोडे ओढूनताणून वाटते, पण आवाज, दान आणि सुटका हा क्रम दोन्हीकडे सारखा असणे विचार करण्याजोगे आहे.

उंबरठा

लग्नाच्या दारातून हा गोंगाट राजकारणात गेला, तो भाग इथे राहून जाऊ नये. १८३० नंतर फ्रान्समध्ये नावडत्या लोकप्रतिनिधींच्या घरांखाली शारिवारी होऊ लागल्या. शार्ल फिलिपाँने १ डिसेंबर १८३२ रोजी पॅरिसमध्ये व्यंगचित्रांचे दैनिक काढले, त्याचे नावच ‘ल शारिवारी’ ठेवले, आणि व्यंगचित्रकार दोमिएची चित्रे त्यातच गाजली. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने १८४१ मध्ये स्वतःला ‘लंडनची शारिवारी’ म्हणवून घेतले, आणि त्या ‘पंच’चा कित्ता गिरवत मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ निघाला, जो पुढे ‘हिंदी पंच’ झाला. कॅनडात १८३७ च्या बंडाळीत खेडूतांनी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या दारात रात्री हाच प्रकार करून त्यांचे राजीनामे मागितले. ज्या पद्धतीने नवरदेवाकडून मेजवानी काढायची त्याच पद्धतीने हे राजीनामे काढले गेले, आणि ज्याने राजीनामा दिला त्याला सोडून दिले.

मुंबईत १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध थाळ्या आणि लाटणी घेऊन मोर्चे काढले. त्यांना शारिवारी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. घरातले जे भांडे रिकामे आहे तेच वाजवायचे, हे त्यांना स्वयंपाकघराने शिकवले.

दगडी जाते

माजघर यांनी शांततेबद्दल लिहिले ते पूर्ण मान्य. पण महाराष्ट्रात गाजावाजा करून नव्या नात्याची थट्टा करण्याची एक जागा नक्की आहे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धूळवडीला जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात खेटरांचा हार घालून, रंग उधळत आणि वाजतगाजत गावभर फिरवतात. सण जवळ आला की गावचे जावई लपून बसतात आणि त्यांना शोधून आणायला गावची माणसे निघतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे देऊन त्याचा मान करतात. जात, पैसा, हुद्दा यांतले काही आड येत नाही, असे गावकरी अभिमानाने सांगतात. युरोपात बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याला किंवा त्याच्या नावाने शेजाऱ्याला गाढवावर उलटे बसवून फिरवत, ते मात्र खरोखर नाचक्की करण्यासाठी होते. विड्यात देणारे गाव आहे आणि घेणारा जावई, म्हणजे शारिवारीतला हिशेब इथे उलटा आहे.

माझा एक प्रश्न आहे. शिव्हरीसाठी खास बनवलेली वाद्ये होती का, की सगळी घरातलीच भांडी?

सांजवात

विड्याचे उदाहरण चांगले आहे. तिथे दिवसाढवळ्या, चेहरे उघडे ठेवून आणि सणाच्या दिवशी सगळे चालते, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही. तरीही एखाद्या जावयाने खरोखर नको म्हटले, तर त्याला सोडतात का, हे त्या भागातल्या कोणी सभासदाने जरूर सांगावे.

नदीकाठ

दगडी जाते, बनवलेली वाद्येही होती. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘घोडा-फिडल’. लाकडाचे एक मोठे खोके घेत आणि त्याच्या कडांना राळ चोळत. मग दोन माणसे दोन बाजूंना उभी राहून, राळ लावलेली लांब फळी त्या कडांवरून सारंगीच्या गजासारखी ओढत. खोके पोकळ असल्याने तो करकराट घुमून दूरवर ऐकू जाई. दुसरे म्हणजे पिपाच्या एका तोंडावर कातडे ताणून त्याच्या मधोमध राळ लावलेली दोरी ओवायची आणि ती चिमटीत धरून ओढायची, की आतून बैल डुरकल्यासारखा आवाज निघतो. ही वाद्ये वर्षभर कोठारात पडून असत आणि कोणाचे लग्न ठरल्याचे कळले की बाहेर निघत.

प्रथा मोडली ती बंदीमुळे कमी आणि राहणी बदलल्यामुळे जास्त. मोटारी आल्या आणि जोडपी लग्नाच्याच दिवशी मधुचंद्राला निघू लागली, त्यामुळे वाजवायला दार होते, पण आत कोणी नव्हते. गावे वाढली, शेजाऱ्यांची ओळख पातळ झाली आणि रात्रीच्या आवाजाला पोलीस येऊ लागले. काही वस्त्यांत मग गोंगाट मागे पडून घरात शिरून खोड्या करण्याची चाल राहिली. जोडपे परत येण्याआधी त्यांच्या साखरेच्या डब्यात मीठ भरायचे, पलंगाखाली घंटा बांधायची, आणि फडताळातल्या सगळ्या बंद डब्यांची लेबले सोलून ठेवायची, म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकाला कुठल्या डब्यात मटार आणि कुठल्यात पीच, हे नव्या गृहिणीला डबा फोडल्याशिवाय कळू नये.

सांजवात यांच्या प्रश्नाचे उत्तर केज-बीडकडच्या सभासदांकडून येईपर्यंत धागा चालू ठेवतो. माजघर, पाटाच्या विधीतली काही गाणी किंवा म्हणी आपल्या ऐकण्यात असतील तर त्याही इथे द्याव्यात. वाजंत्री नव्हती, पण बायका अगदीच गप्प बसल्या असतील असे मला वाटत नाही.

माजघर

गाणे मला मिळालेले नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका पाटाच्या गोष्टी सांगताना अजूनही आवाज खाली आणतात. जे आठवतात ते तपशील आहेत : साडीचा रंग कोणता होता, बांगड्या कोणी भरल्या, घरी न्यायला कोण आले होते. त्या मी टिपून ठेवते आहे आणि पुरेशा झाल्या की स्वतंत्र धाग्यात देईन.